तारेतली ओढ

सायकलवर लिहिणाऱ्यांनी आजवर चाकांचे कौतुक केले, घंटीचे केले, आणि कॅरिअरवर मागे बसलेल्या व्यक्तीचे तर भरभरून केले. पण हँडलापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या त्या काळ्या नळीकडे आणि तिच्या पोटातल्या तारेकडे कोणी वळूनही पाहिलेले नाही. त्यात नवल करण्यासारखे काही नाही. जी वस्तू आपले काम निमूटपणे करते, तिची आठवण ती बिघडल्यावरच व्हायची, हा जगाचा रिवाजच आहे. घरातल्या कोणाकोणाची आठवण आपल्याला केव्हा होते, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. मी येथे फक्त तारेबद्दल बोलणार आहे.

मराठीच्या मास्तराने तारेबद्दल काय बोलावे, असे तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे. कवितेतली ओढ मुलांना समजावून देणे हा माझा पोटाचा धंदा. एकाच शब्दात दोरीला लागणारी ओढही असावी आणि माहेरची ओढही असावी, ही आपल्या भाषेची गंमत मी दरवर्षी नव्या वर्गाला नव्या उत्साहाने सांगत आलो आहे. पण ही पहिली ओढ म्हणजे नेमके काय, ती कोठून निघते, वाटेत किती सांडते आणि पलीकडे किती पोहोचते, हे समजायला मला एका सायकलीच्या दुकानात लाकडी बाकावर बसावे लागले.

माझ्या लहानपणी पुण्याला अजून सायकलींचे शहर म्हणत असत. तासाच्या भाड्याने सायकल मिळे आणि ती वेळेवर परत केली नाही तर दुकानदार आपल्या वडिलांचे नाव घेई. वडिलांची स्वतःची सायकल काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची. तिच्या ब्रेकला तारा नव्हत्या. पोलादी दांड्या होत्या. हँडलाखालची मूठ दाबली की दांडी वर ओढली जाई, एका सांध्यातून दुसरी दांडी हले, दुसऱ्यातून तिसरी, आणि शेवटी रबराचे ठोकळे रिमला आतून टेकत. दांडी मोठी प्रामाणिक वस्तू. ती ओढतेही आणि ढकलतेही. पण तिला कोपऱ्यावर वळता येत नाही. वळायचे तर सांधा हवा. आणि सांधा आला की कुरकुर आली, मग तो सायकलीचा असो की माणसाचा.

हा वळण्याचा प्रश्न खरे म्हणजे त्या सायकलीच्या जन्माआधीच सुटलेला होता. १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन या गृहस्थाने एका साध्या दिसणाऱ्या युक्तीचे पेटंट घेतले. (रॅले सायकलवाले फ्रँक बोडन ते हे नव्हेत, आडनाव एक म्हणून पुष्कळांची गल्लत होते.) युक्ती अशी, की तार नळीतून न्यायची आणि नळीची दोन्ही टोके पक्क्या जागी टेकवून ठेवायची. मग नळीला हवी तशी वळणे द्या; अलीकडे तार जेवढी ओढाल तेवढी ती पलीकडे सरकते. वरवर पाहणाऱ्याला वाटते, काम सगळे तार करते आणि नळी नुसती पांघरुणासारखी आहे. तसे नाही. तार जेवढ्या जोराने ओढते, तेवढ्याच जोराने नळी उलट बाजूने रेटा देत असते. ती आखडली किंवा दबली, तर तारेची सारी धडपड फुकट जाते. जागचे न हलता अर्धे काम करणारी अशी माणसेही आपल्या पाहण्यात असतात. पण पुन्हा तेच. मी तारेबद्दल बोलतो आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

२०२४ सालच्या पावसाळ्यात पुण्यातल्या पुष्कळ घरांत चिकुनगुन्याने मुक्काम ठोकला. आमच्याकडे तो हिच्या वाट्याला आला. ताप चार दिवसांत गेला, पण त्याने धरलेले सांधे काही सुटेनात. सकाळी उठल्यावर मुठी मिटत नसत. कपाचा कान धरताना चेहरा वाकडा होई. पोळ्या लाटणे माझ्याकडे आणि मुलीकडे आले, आणि 'नकाशा' हा शब्द आमच्या घरात भूगोलापुरता राहिला नाही. या दुखण्याचे नाव कोठले म्हणून मी सवयीने शोधायला गेलो, तर ते आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले निघाले. १९५२ साली आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात ही साथ आली होती; रोग्यांची सांधे धरून वाकलेली शरीरे पाहून तिथल्या लोकांनी हे नाव दिले. त्याचा अर्थ वाकण्याशी जोडलेला आहे. नाव ठेवणाऱ्याला दुखणे नीट कळले होते, एवढे खरे.

ही एका सहकारी बँकेत नोकरी करते. कोथरूडहून शहरातली तिची शाखा सहाएक किलोमीटरांवर आहे आणि २०१९ सालापासून ती हे अंतर सायकलीने जात होती. लहानपणी मिरजेला भाड्याच्या सायकलीवर ती वाऱ्यासारखी हिंडली होती. मग शिक्षण, लग्न, मूल, बदल्या यांत वीस वर्षे सायकल सुटली. बढती मिळाली तेव्हा तिने कोणालाही न विचारता गिअरची सायकल विकत आणली. निळी, सरळ हँडलाची, पुढे तीन आणि मागे आठ दाती चक्रे असलेली. एवढा खटाटोप कशाला, असे मी एकदा सहज विचारले होते. ती म्हणाली, "जाताना पंचवीस मिनिटं आणि येताना पंचवीस मिनिटं मी कोणाची कोणी नसते." हे वाक्य मला तेव्हा थोडे लागले होते. पण वाक्य चांगले होते, आणि चांगल्या वाक्यापुढे मी नेहमीच हरतो.

डिसेंबरात तिने सायकल पुन्हा बाहेर काढली. पायांची तक्रार नव्हती. ब्रेकही चार बोटांनी दाबता येत होते. अडले ते अंगठ्यापाशी. मागचे मोठे चक्र घ्यायचे तर हँडलाखालचा खटका उजव्या अंगठ्याने पुढे ढकलावा लागतो, आणि तो ढकलताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. पंधरा दिवस तिने एकाच गिअरवर काढले. चढ आला की उतरून हातात सायकल धरून चाले. डॉक्टरांनी सांगितले की बोटांवर जोर येईल असे काही करू नका, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते. मग एका रात्री जेवताना ती अगदी सहज म्हणाली, "अहो, ती सायकल भाचीला देऊन टाकू या. पडून गंजण्यापेक्षा वापरली तरी जाईल."

सहज म्हणाली, हेच वाईट होते. चिडून म्हणाली असती तर मी गप्प बसलो असतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, आता तारेशिवाय गिअर मिळतात." खरेच मिळतात. शिमानो कंपनीने २००९ साली विजेवर चालणारे गिअर शर्यतीच्या सायकलींना आणले. २०१५ साली स्रॅम कंपनीने तर मधली वायरही काढून टाकली. नुसते बटण दाबायचे, मागे छोटी मोटर काम करते. बोटाला कष्ट नाहीत. पण किंमत ऐकल्यावर मुलीनेच विषय बदलला; त्या पैशांत हिच्या सायकलीसारख्या सायकली दारात ओळीने उभ्या राहिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा विषय निघाला. आमचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरवी माझ्याशी क्रिकेटखेरीज काही बोलत नाहीत. त्यांनी विचारले, "सर, खटका जड आहे की अंगठा दुबळा आहे, हे कोणी पाहिलं का?" कोणी पाहिले नव्हते. त्यांनी परीक्षेच्या पुरवणीचा एक कोरा कागद ओढला आणि तारेचे चित्र काढले.

"हे बघा. कोकणात धक्क्यावर होडी बांधताना पाहिलंय ना? खुंट्याला दोराचे दोन-तीन वेढे दिले की एक माणूस नुसतं टोक धरून अख्खी होडी थोपवतो. जोर त्याचा नसतो. वेढ्यांमधल्या घर्षणाचा असतो. तुमच्या सायकलीत तेच होतंय, फक्त उलटं. तार नळीत जिथं जिथं वळते, तिथं तिथं ती नळीच्या भिंतीला घासते. होडीवाल्याला जी मदत होते, ती वहिनींना अडचण होते."

हा नियम अठराव्या शतकातल्या ऑयलर या थोर गणितज्ञाच्या नावाशी जोडलेला आहे, असे त्यांनी सांगितले. त्यातली मेख अशी, की वळणे बेरजेने वाढतात, पण त्रास गुणाकाराने वाढतो. हँडलापाशी एक वळण, पुढे एक, मागच्या चाकापाशी एक मोठे. सगळी मिळून जवळजवळ एक पूर्ण वर्तुळ भरते. घर्षणाचा आकडा ०.२ धरला, तर पलीकडे एक किलोची ओढ पोहोचायला अलीकडे साडेतीन किलोंची लावावी लागते. तोच आकडा ०.१ वर आणला की एक किलो नऊशे ग्रॅमांच्या आत काम भागते, ०.०५ वर आणला की एक किलो चारशेच्या आत. नळीत गंज आणि चिखल असेल तर आकडा केवढा होईल, ते त्यांनी लिहिले नाही. पुरवणी माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "अंगठा काही आपल्याला बदलता येणार नाही. आकडा बदलता येईल."

मला त्या क्षणी आमच्या खात्याची परिपत्रके आठवली. मंत्रालयातून निघालेला चांगला हेतू संचालक, विद्यापीठ, प्राचार्य, विभागप्रमुख अशी वळणे घेत वर्गापर्यंत येतो तेव्हा त्यात किती ओढ उरते, याचे गणित मला आयतेच मिळाले होते. पण तो विषय निराळा.

रविवारी सायकल घेऊन आम्ही दोघे एका जुन्या दुकानात गेलो. दुकानाला पाटी नाही. मालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांच्या तरुणपणी ते तासाने सायकली भाड्याने देत. आता गिअरच्या सायकली दुरुस्त करतात, आणि 'ओव्हरऑइलिंग' हा खास आपला मराठी शब्द अजून त्यांच्याच दुकानात ऐकू येतो. मामांनी सायकल उलटी केली नाही, काही विचारले नाही. मागच्या डिरेलरपासून तार सोडवली, दोन बोटांत धरून नळीत मागेपुढे केली आणि तिचे टोक माझ्या हातात दिले. "ओढा सर." ओढली. आत वाळू भरल्यासारखी खरखर लागली. मग त्यांनी ते टोक हिच्या हातात दिले. तिने ओढले, आणि माझ्याकडे पाहिले.

"ताई, हे तुमच्या अंगठ्यानं रोज ओढायचं?" मामा म्हणाले. "माझ्या पक्कडीला जड जातंय."

नळी कापून त्यांनी आतले दाखवले. मागच्या चाकापाशी नळी खाली झोळीसारखी लोंबते. पावसाचे पाणी आणि चिखल तेथे उतरून साचतो. तेवढ्या भागात तार तपकिरी झाली होती. दुसरीही एक गोष्ट निघाली. मध्यंतरी कोठल्याशा दुकानात नळीचा एक तुकडा बदलून घेतला होता. त्या कारागिराने गिअरच्या नळीऐवजी ब्रेकची नळी घातली होती. दोन्ही बाहेरून काळ्याच दिसतात. पण ब्रेकच्या नळीत पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, आणि ताण आला की ती किंचित दबते. गिअरच्या नळीत बारीक तारा लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी उभ्या घातलेल्या असतात. त्या दबत नाहीत. "किंचित दबली तर काय बिघडलं?" मी विचारले. मामांनी चक्रांच्या जुडग्यावर नख ठेवले. दोन चक्रांत पाच मिलिमीटरांहूनही कमी अंतर होते.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. पूर्वी गिअरच्या खटक्याला ठरावीक जागा नसत. दांडी हळूहळू सरकवायची, साखळीची खडखड थांबली की हात थांबवायचा. कान हाच मिस्त्री. शर्यतवाल्यांना तर हाही लाड वाटे. टूर द फ्रान्समध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलरला १९३७ साली कुठे परवानगी मिळाली. मग १९८४ साली जपानच्या साकाई शहरातल्या शिमानो कंपनीने आपल्या ड्यूरा-एस मालिकेत टक्-टक् खटक्यांची पद्धत रूढ केली. एक टक् म्हणजे एक चक्र. कान लावायला नको, अंदाज नको. पण सोय आली की तिच्याबरोबर अट येते. हिच्या सायकलीसारख्या आठ चक्रांच्या सायकलीत एका टक्ला तार जेमतेम २.८ मिलिमीटर सरकते. त्यातला अर्धा मिलिमीटर नळी दबण्यात आणि तार घासण्यात गेला, तर साखळी दोन चक्रांच्या मध्ये उभी राहून दारातल्या पाहुण्यासारखी घुटमळते. शिवाय तारेला ओढता येते, ढकलता येत नाही. लहान चक्रावर परतताना खटका तार फक्त सोडून देतो. तिला मागे खेचून नेण्याचे काम डिरेलरमधल्या स्प्रिंगेने करायचे असते. माणूस चिडून जास्त जोर लावू शकतो. स्प्रिंगेला ती सोय नाही. म्हणून घासणाऱ्या तारेचा सुगावा परतीच्या वाटेवर आधी लागतो.

मामांनी कपाटातून नवी तार आणि नळी काढली. तार सव्वा मिलिमीटरांहून किंचित बारीक. साधी तार अनेक सुतांची पीळ घातलेली असते आणि तिच्यावरून नख फिरवले की ते अडखळते. ही तार मात्र सोनार भोकाच्या पट्टीतून ओढतो तशी साच्यातून ओढून वरून चपटी, गुळगुळीत केलेली होती. आणि तिच्यावर निसरड्या प्लॅस्टिकचा अगदी पातळ लेप होता. नळीच्या आतही तसलेच अस्तर. मामांनी नळीचा सरळ तुकडा उभा धरला, तार वरून आत सोडली. ती आपल्याच वजनाने सुळकन खाली आली.

"हे टेफ्लॉन का?" हिने विचारले.

"तेच. तुमच्या तव्यावरचं."

टेफ्लॉनचा शोध लागला तोही मोठ्या मौजेने. १९३८ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीतले रॉय प्लंकेट शीतपेटीसाठी लागणाऱ्या वायूंवर प्रयोग करीत होते. एका सिलिंडरमधून वायू बाहेर येईना. वजन पाहावे तर सिलिंडर भरलेलाच. त्यांनी तो कापून पाहिला, तर आत पांढरी, मेणचट भुकटी. वायूचे कण एकमेकांना जोडले जाऊन घट्ट झाले होते, आणि त्या भुकटीला कशाचेच चिकटून राहणे मान्य नव्हते. हाच पदार्थ पुढे जगभरच्या तव्यांवर गेला. आपल्याकडे तेव्हाच्या औरंगाबादच्या कारखान्याने अशा तव्यांना 'निर्लेप' हे नाव दिले, आणि ते इतके नेमके होते की मराठी घरांत कंपनीचे नाव हेच वस्तूचे नाव होऊन बसले. कशाचाही लेप लागू न देणारे ते निर्लेप. गंमत एवढीच, की हा निर्लेपपणा तव्याला लेप देऊनच आणावा लागतो.

मी मामांना म्हटले, "थोडं तेल सोडा ना वरून." मामांनी मान हलवली. "याला तेल नको. तेलाला धूळ बसते, धुळीचा चिखल होतो, आणि मग पहिले पाढे पंचावन्न. याचा गुळगुळीतपणा त्याच्या अंगातच आहे."

संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात आणि मायेलाही. दोन्हींनी घर्षण कमी होते, हे मी वर्गात सांगतोच. पण वरून ओतलेल्या स्नेहाला धूळ बसते आणि अंगचा असेल तर ओतावा लागत नाही, ही पुरवणी मला एका सायकल मिस्त्रीने दिली. पुढच्या वर्षीच्या तासाला मी ती वापरणार आहे. मामांच्या परवानगीची गरज पडेल असे वाटत नाही.

पुढचे काम तासभर चालले. चांगली तार आणली म्हणजे सारे झाले, असे नसते. नळी धारदार कातरीने एका घावात कापावी लागते; टोक चेपले तर कानशीने सपाट करून, आतल्या अस्तराचे तोंड दाभणाने मोकळे करावे लागते. प्रत्येक टोकाला टोपी. हँडल डावीउजवीकडे पूर्ण वळवले तरी नळी ताणली जाऊ नये, आणि उगाच लांब ठेवून तिला जास्तीचे वळणही पडू नये. मामा नळी लावून पाहत, काढत, बोटभर कापत, पुन्हा लावत. "निम्मी करामत तारेत, निम्मी वळणात," ते म्हणाले. ऑयलरचे नाव त्यांनी ऐकले नसावे. पण बेरजेचा आणि गुणाकाराचा फरक त्यांच्या बोटांना ठाऊक होता. शेवटी तारेच्या टोकाला सुते उकलू नयेत म्हणून ॲल्युमिनियमची इवलीशी टोपी दाबून बसवली. ब्रेकच्या जागी मात्र गिअरची नळी कधी घालू देऊ नका, असे त्यांनी बजावले. ब्रेकचा ताण मोठा, त्या उभ्या तारा फाटून बाहेर येतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

मजुरी धरून सतराशे रुपये झाले. दोन आठवड्यांनी पुन्हा आणा, असे मामांनी सांगितले. नवी तार ताणली जाते असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात टोप्या आणि नळीची टोके आपापल्या जागी घट्ट बसतात आणि तेवढी तार सैल पडते. अर्धा फेरा आवळला की झाले. आणि दर पावसाळ्यानंतर मागची लोंबती नळी तरी बदलायची, हे त्यांनी हिला कॅलेंडरवर लिहून ठेवायला लावले.

ही सारी घर्षणाची निंदा वाचून कोणाला वाटेल, घर्षण नाहीसे झाले की जग सुखी होईल. तसे मुळीच नाही. जुन्या सायकलींचा बिनटक्चा खटका जागच्या जागी थांबे तो घर्षणामुळेच. ते नसते तर स्प्रिंगेने दांडी मागे ओढून नेली असती. टायर रस्त्याला धरतो, ब्रेकचा रबर रिमला धरतो, खडू फळ्याला धरतो, ते सारे घर्षणाच्याच कृपेने. दोन माणसांतसुद्धा थोडे घर्षण नसेल तर एकाचा दुसऱ्याला थांग लागत नाही. प्रश्न घर्षण असावे की नसावे हा नाही. ते कोठे असावे हा आहे. ब्रेकपाशी हवे, चाकाखाली हवे. सांगणारा आणि ऐकणारा यांच्या मधल्या नळीत मात्र ते जेवढे कमी तेवढे बरे. तेथे साचलेला गंज बाहेरून दिसत नाही, आणि मग आपण अंगठ्याला दुबळा ठरवून मोकळे होतो.

या मधल्या नळीने किती जणांना घरी बसवले असेल, असे माझ्या मनात येते. वृद्ध माणूस म्हणतो, आता आपल्याच्याने होत नाही. मूल म्हणते, मला गणित येत नाही. नोकरी सोडून घरी बसलेली बाई म्हणते, माझ्यातच उमेद उरली नाही. त्यांतल्या काहींचे खरे असेलही. पण त्यांच्या हातात ओढ नव्हती, की ओढ होती आणि ती वाटेतल्या वळणांनी खाल्ली, हे तार सोडवून दोन बोटांत धरून पाहणारा मामा प्रत्येकाला भेटतोच असे नाही.

तारेने दुखणे बरे केले, असे मी म्हणणार नाही. तारेचे ते काम नव्हे. सांध्यांना बरे व्हायला महिने लागले, आणि थंडीच्या सकाळी उजव्या हाताची बोटे अजून धरतात. डॉक्टरांना विचारून ती आधी आठवड्यातून दोन दिवस, मग तीन दिवस सायकलीने जाऊ लागली. भाचीला काही सायकल मिळाली नाही. तिची समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघे चांदणी चौकाकडे निघालो. कोथरूड डेपो सोडला की चढ लागतो. मी मागे होतो. माझा श्वास मला ऐकू येत होता, आणि पुढून थोड्या थोड्या वेळाने येणारा एक आवाज: टक्. चढ वाढला, पुन्हा टक्. साखळी न कुरकुरता वरच्या चक्रावर जाऊन बसत होती. वर पोहोचल्यावर ती एका झाडाखाली थांबली, मी पोहोचेपर्यंत तिने अर्धी बाटली पाणी संपवले होते.

"अंगठा दुखतो का?" मी विचारले.

तिने हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "दुखतो की," ती म्हणाली. "पण आता जे दुखतं, ते माझं एकटीचंच दुखतं. सायकलीचं दुखणं त्यात मिसळलेलं नाही."

आणि मला श्वास घ्यायला पुरेसा वेळ न देताच ती उताराला लागली.